ओढायचा भाव

गाय गव्हाणीच्या लोखंडी दांड्यात मान अडकवून मेली होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, मागचे पाय ताठ, अंगभर लिंबाएवढ्या गाठी, आणि फुटलेल्या गाठींवर माशांचे घोस. थोरल्याने मान सोडवायला हात घातला तसं तिच्या नाकातलं काळपट पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. त्याने ते तिच्याच अंगाला पुसलं.

“गाडा आत आणायचा नाही,” गोठेवाला दारातूनच ओरडला. नाकाला रुमाल लावलेला. “माझी दुभती जनावरं बुजतात. गेटापर्यंत हातानं ओढा.”

गेटापर्यंत म्हणजे अख्खा गोठा. दोन्ही बाजूंनी गाया, मधे शेणमुताचा पाट. थोरल्याने मागच्या पायांना दोर आवळला. त्याचा धाकटा भाऊ आणि म्हातारा बाप पुढं लागले. थोरल्याची बायको, जिला घरात आणि वस्तीत थोरलीच म्हणायचे, नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवून मागून पहारीनं रेटायला उभी राहिली. चौघांनी दम धरला आणि ओढलं. गाय हातभर सरकली.

“जोर लावा की! खाऊन आला नाहीत का?” गोठ्याचा मुकादम म्हणाला. तो भिंतीला टेकून चहा पीत होता.

पाटाच्या कडेला गायीचं पोट घासलं. थोरलीला आवाज आला, जुनी ताडपत्री फाटावी तसा, आणि तिने “सरका!” म्हणेपर्यंत पोट फुटलं. आतलं सगळं थोरल्याच्या छातीवर, तोंडावर आलं. तो खाली बसला आणि ओकला. मुकादमाने हसता हसता चहा सांडला. गोठेवाल्याने लांबून पाण्याची नळी सोडली. थोरल्यावर नाही, फरशीवर.

“फरशी धुऊन जा. आणि कातडं तुमचं, बरं का. उगाच म्हणायला नको, दादा काही देत नाही.”

गावात या घराला ‘ओढणारे’ म्हणत. कुणाचंही जनावर मेलं की ओढणाऱ्यांना सांगावा जायचा. त्यांनी ते माळावर न्यायचं, सोलायचं, बाकीचं पुरायचं. पैसे कुणी द्यायचं नाही, यांनी मागायचे नाहीत. कातडं घेतलं की मजुरी मिळाली. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नव्हती. म्हाताऱ्याच्या बापाच्या वेळी कातड्याला किंमत होती, तेव्हा हा सौदा बरा होता. आता उन्हाळ्याच्या तोंडाला जनावरांत गाठींचा रोग शिरला आणि रोज कुणाचं ना कुणाचं जनावर पडायला लागलं. ओढून ओढून यांच्या तळहातांची सालं निघाली. आणि कातडं घेणारा व्यापारी तर मागच्याच खेपेला टेम्पोतून खालीसुद्धा उतरला नव्हता. एक घडी पायानं उलगडली आणि म्हणाला, “गाठींनी नुसती चाळण झालीय. फुकट दिलीत तरी नको. मिठाचा खर्च कशाला करता?”

म्हाताऱ्याने तरीही त्या घड्यांना मीठ चोळलं. छपराखाली एकावर एक रचून ठेवल्या. रात्री कुत्र्यांनी ओढून नेल्या तेव्हा तो दगड घेऊन त्यांच्या मागं धावला आणि गुडघ्यावर पडला.

थोरली तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात जात होती, ते या रोगाच्या आधीपासून. जुन्या गोदामात वर्ग भरायचा. वर पत्रा, आत बाकं, समोर पांढरा फळा. अभ्यासक्रमाचं नाव ‘व्यवसायाची मूलतत्त्वे’. फी नव्हती, वयाची अट नव्हती, आणि वस्तीवरच्या शिवणवालीला बसला सोबत हवी होती, म्हणून ही गेली. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुमचा व्यवसाय काय. शिवणवालीने शिवण सांगितली. एका दांडगट माणसाने टायर पंक्चर सांगितलं. थोरली उभी राहिली आणि म्हणाली, “जनावरांचं काम.”

“वा, दुग्धव्यवसाय!” सर म्हणाले आणि फळ्यावर लिहून मोकळे झाले.

ती खाली बसली. खोटं बोलली नव्हती. पुढं सगळ्या उदाहरणांत सर तिला विचारत राहिले: समजा दुधाचा भाव पडला तर काय कराल, दूध उरलं तर काय कराल? ती उत्तरं देत राहिली. दूध तिच्या घरात चहापुरतंही रोज येत नव्हतं.

गाय फुटली त्याच संध्याकाळी वर्ग होता. ती दोनदा अंघोळ करून गेली, तरी केसांना वास राहिलाच. पुढच्या बाकावरच्या मुलीने नाक मुरडून मागं पाहिलं. सर फळ्यापाशी उभे होते.

“समजा तुम्ही काम करता,” सर म्हणाले. “समोरचा फुकट घेतो. तुम्ही पुन्हा करता, तो पुन्हा फुकट घेतो. याला काय म्हणायचं?”

“लग्न!” शिवणवाली म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. “बरं, लग्न. पण व्यवसायात ते चालत नाही. काम व्हायच्या आधी समोरच्याला तुमची गरज असते. काम झालं की गरज संपली. गरज संपल्यावर तुम्हाला ओळखतो कोण? म्हणून भाव आधी बोलायचा. हे लाजण्याचं काम नाही.”

थोरली उभी राहिली. का उभी राहिली ते तिलाही कळलं नाही.

“सर, आमचं दुधाचं नाही. आम्ही मेलेली जनावरं ओढतो.”

 नाक मुरडणारी मुलगी दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. 

“त्याचा भाव कसा बोलायचा?” थोरलीने विचारलं.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांच्या पुस्तकात हे नव्हतं. “ते जरा वेगळं आहे,” ते म्हणाले. “त्याला परंपरेचा… आपण परीक्षेपुरतं दुधाचंच धरू.”

“वेगळं कसं?” टायरवाला मागून म्हणाला. “बाईंनी उचललं नाही तर तुम्ही उचलणार का, सर? नाही ना? मग गरज आहे. गरज आहे तर भाव आहे. तुम्हीच शिकवलंत.”

सर घाम पुसत म्हणाले, “हो. तत्त्व तेच.”

त्या दोन शब्दांवर थोरली घरी आली.

घरात तिने सांगितलं तेव्हा थोरला हात धूत होता. पाचव्यांदा धूत होता. बोटाला जखम होती आणि ती पिकायला लागली होती.

“आपण फुकट ओढतो,” ती म्हणाली. “कातड्याला कुत्रं विचारत नाही आता. मग आपल्याला मिळतं काय? भाव सांगायचा. नाहीतर उचलायचं नाही.”

“गप बस.”

“का गप बसू? तुमच्या तोंडात गेलं ना सकाळी? काय दिलं त्यानं? फरशी धुवायला लावली!”

थोरल्याने वळून तिच्या कानाखाली जाळ काढला. ती चुलीवर आदळली. कपाळ दगडाच्या कडेवर फुटलं.

“माझ्या बापानं ओढली, त्याच्या बापानं ओढली,” तो म्हणाला. “तू कोण आलीस शिकवणारी? चार दिवस बाकावर बसलीस तर!”

“मारा,” ती कपाळावर हात दाबत म्हणाली. “यालाही भाव नाहीच ना. तुम्ही गावाचं फुकट ओढता, मी तुमचं.”

म्हातारा कोपऱ्यात बसला होता. धाकट्याने उठून वहिनीला फडकं दिलं आणि भावाला म्हणाला, “बायकोवर काय हात उचलतोस? मुकादम चहा पीत हसत होता, तिथं उचलायचा होतास.”

थोरला बाहेर गेला. ज्याला वर मारता येत नाही तो खाली मारतो, एवढं त्यालाही कळत होतं, आणि कळूनही त्याने मारलं होतं. माफी वगैरे त्याने मागितली नाही. त्या घरात कुणी कुणाची मागत नसे.

पण पिकलेलं बोट माणसाला शहाणं करतं. दुसऱ्या दिवशी माळावर खड्डा खणताना त्याला फावडं धरवेना. दोन वासरं पुरायची होती, तीही गोठेवाल्याचीच. ऊन डोक्यावर. माती दगडासारखी. त्याने फावडं टाकलं, खड्ड्याच्या काठावर बसला, आणि बायकोकडं न बघता म्हणाला, “काय बोलायचं असतं, सांग.”

थोरलीने घमेलं खाली ठेवलं.

“सांग की. भाव सांगताना आधी काय म्हणायचं?”

“तुम्ही म्हणून बघा.”

“दादा…” थोरला म्हणाला आणि अडकला. “दादा, आम्ही म्हणत होतो, म्हणजे दादांना राग येणार नसेल तर…”

“झालं! विकलं घर!” धाकटा ओरडला. त्याने गळ्यातला पंचा नाकाला लावला, पोट पुढं काढलं आणि गोठेवाला होऊन उभा राहिला. “काय रे, काय पाहिजे? लांबून बोल. माझी दुभती बुजतात!”

थोरली इतकी हसली की कपाळाची खपली सुटली. “आधी दादा नाही म्हणायचं,” ती रक्त पुसत म्हणाली. “आधी भाव. मग दादा.”

“तीन माणसांचा पुरा रोज,” थोरला म्हणाला. मग जरा मोठ्याने, “तीन माणसांचा पुरा रोज. आणि गाडा आत येणार. दादा.”

“चौघं ओढतो,” ती म्हणाली. “चौघांचा सांगा. मला धरा.”

त्याने तिला धरलं. चौघांचा.

म्हातारा वासराचं कातडं सोडवत होता. सुरी थांबवून म्हणाला, “गाव ऐकणार नाही.”

“आबा, गावाला आता सांगायचंच नाही, विचारायचं,” धाकटा म्हणाला. “उचलू का नको, ते.”

“आणि कातड्याला हात लावायचा नाही,” थोरली म्हणाली. “आजचं शेवटचं. कातडं घेतलं की मजुरी घेतली असं ते म्हणतात ना? मग घ्यायचंच नाही.”

म्हाताऱ्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणी नीट पाहिलं नाही.

सांगावा तिसऱ्याच दिवशी आला. दोन गाया पडल्या होत्या. तिघं पुरुष गेटाशी जाऊन उभे राहिले, मागं थोरली. थोरल्याने पाठ केल्याप्रमाणे म्हटलं. आवाज फाटला, पण म्हटलं.

गोठेवाल्याला आधी ऐकूच आलं नाही, किंवा आलं आणि खरं वाटलं नाही. “काय?”

“चौघांचा पुरा रोज. एका जनावराला. आणि गाडा आत येणार. दादा.”

“कुणी शिकवलं रे?”

“कॉलेजनं,” धाकटा म्हणाला.

“कॉलेज!” गोठेवाला मुकादमाकडं वळला. “ऐकलंस? ढोरं ओढायचं कॉलेज निघालं!” मग त्याचं हसू एकदम बंद झालं. तो पुढं आला आणि त्याने गाड्याच्या दांडीवर लाथ घातली. दांडी उसळून म्हाताऱ्याच्या नडगीवर बसली. म्हातारा जागेवरच बसला. “कातडी खाऊन वाढलात माझ्या दारची! उचला आधी!”

“कातडी ठेवा तुम्हाला,” थोरली म्हणाली. “आम्हाला नको.”

मुकादमाने धाकट्याच्या तोंडात मारली, कारण बाईला मारायचं त्याला अजून सुचलं नव्हतं. धाकटा भेलकांडला, उभा राहिला, थुंकला. थोरल्याने गाडा वळवला. कुणी उलट हात उचलला नाही. चौघंही चालत घरी आले. वाटेत धाकटा एकदा म्हणाला, “दात आहेत जागेवर.”

दुसरा दिवस गेला. उन्हात गोठ्याकडून येणारा वारा गावभर फिरला. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. गोठेवाला धास्तावला होता, पण वासाला नाही. दूधसंघाला त्याने कळवलं होतं की माझ्या गोठ्यात रोग नाही. सकाळ-संध्याकाळ संघाची गाडी गेटावर यायची, आणि तिथून कुणी नाक आत घातलं असतं तर संपलं होतं. जनावरं हलवायला हवी होती. ओढायला माणूस दुसरा नव्हता. मुकादमाने गडी विचारून पाहिले. एकही तयार होईना. शेण काढू म्हणाले, मुताची मोरी उपसू म्हणाले, मेलेल्याला हात लावणार नाही म्हणाले. शेवटी कुणाचा हात न लागता, लांबून साखळीचा फास टाकून ट्रॅक्टरनेच एक गाय ट्रॉलीत ओढून चढवली.

भर दुपारी ट्रॅक्टर वस्तीवर आला. ओढणाऱ्यांच्या घराला खिडकी नव्हती, दार पत्र्याचं, बाहेर उघडणारं. म्हातारा सुजलेला पाय घेऊन आत पडला होता. बाकीचे छपराखाली. कुणी उठायच्या आत मुकादमाने हात केला, ट्रॉली उचलली गेली, आणि गाय दारावर आदळली. अख्खं घर हललं. पत्रा आत वाकला. गाय दाराला घट्ट बसली, पाय वर, तोंड उंबऱ्यात.

“घ्या घरपोच!” मुकादम ओरडला. ट्रॉलीत पाचसहा पोरं होती, दांडकी घेतलेली. ती हसली.

आतून म्हाताऱ्याने पत्र्यावर हात बडवला. “अरे, दार! दार उघडा! श्वास कोंडतोय!”

थोरला धावला तो ट्रॅक्टरकडं. त्याने चालवणाऱ्याची गचांडी धरून त्याला खाली ओढलं आणि त्याचं तोंड चाकाच्या रबरावर घासलं. एकदा, दोनदा. पोरं खाली उतरली. मग काही हिशेब राहिला नाही. दांडकी पाठीवर, बरगड्यांवर बसत होती आणि ओलं धुणं धोपटावं तसा आवाज येत होता. धाकटा एकाच्या दंडाला दातांनी लटकला होता आणि सोडत नव्हता. मुकादमाने जॅकचा लोखंडी दांडा उचलला. थोरल्याने डोक्यावर हात धरला. दांडा हातावर आला. कोपराखाली हात नको तिथं वाकला, आणि आतलं पांढरं क्षणभर दिसून रक्तात बुडालं.

थोरलीच्या हाताला फावडं लागलं. तिने ते मुकादमाच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधे घातलं, पात्याची कड नव्हे, पाठ. पण पूर्ण ताकदीनं. तो गुडघ्यावर आला. तिने दुसऱ्यांदा उचललं.

“अरे, मारेल ही! खरंच मारेल!” कुणीतरी म्हणालं.

ती मारणार होती. पण म्हाताऱ्याचं आतलं बडवणं मंद झालं होतं, आणि ते तिला ऐकू आलं. ती फावडं घेऊन दाराकडं पळाली. तेवढ्यात त्यांनी मुकादमाला ट्रॉलीत टाकलं आणि निघून गेले. थोरली आणि धाकट्याने गाय पहारीनं हातभर सरकवली. फटीतून म्हाताऱ्याला बाहेर काढलं. त्याच्या ओठांवर निळा रंग चढला होता.

टायरवाल्याचा टेम्पो शिवणवालीने फोन करून बोलावला. दोघा भावांना दवाखान्यात न्यायचं होतं. थोरली टेम्पोत चढताना सासऱ्याला म्हणाली, “आबा, शेजारच्या छपरात बसा. गायीला हात लावू नका. सडू दे. सगळ्यांना बघू दे. ऐकलंत ना?”

“ऐकलं, पोरी. जा.”

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशाने झालं. थोरला म्हणाला, पडलो. पोलीस चौकीत रोज सकाळी कुणाच्या गोठ्यातलं दूध फुकट जातं, हे डॉक्टरलाही माहीत होतं. त्याने ‘पडून’ असं लिहिलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हात राहील, पण दोर धरणार नाही, असं तो म्हणाला. थोरला छताकडं बघत म्हणाला, “तिघांचाच सांगावा लागेल आता.”

“चौघांचाच,” थोरली म्हणाली.

सकाळी ती आणि धाकटा परत आले तेव्हा वस्तीवर बायामाणसं गोळा होऊन उभी होती आणि दोघांना बघताच बाजूला सरली. दार मोकळं होतं. गाय अंगणात ओढून घेतली होती. उघडी, लालजर्द, सोललेली. शेजारी तिचं कातडं पसरलेलं, मीठ चोळलेलं. आणि म्हातारा, कोपरापर्यंत माखलेला, सुजलेला पाय पुढं टाकून, सुरी धुवत बसलेला.

“आबा,” थोरली म्हणाली.

“बघवेना गं,” म्हातारा म्हणाला. “उन्हाआधी काढलं नसतं तर वाया गेलं असतं. एवढं मोठं अंग. बघ, एक छेद नाही कुठं. या वयात.” त्याच्या डोळ्यांत खरंच आनंद होता. “कानसुद्धा राखलेत. शेजाऱ्यांच्या पोरांनी ओढायला हात दिला.”

“कुणी आलं होतं का इकडं?” धाकट्याने विचारलं.

“मुकादम आला होता. मान बांधलेली. दोन माणसं होती संगट. बघून गेला. म्हणाला, बरं झालं आबा, मजुरी घेतलीत. आता मागची मिटली. उरलेली दुपारपर्यंत उचला, म्हणाला.”

धाकट्याने बापाचा गळा धरला. दोन्ही हातांनी. म्हातारा मागं पडला, मिठात, आणि त्याच्या घशातून घर्र असा आवाज आला. “हात मोडला त्याचा! हात! तू सोललंस? तू सोललंस?” धाकटा ओरडत होता आणि रडत होता, आणि अंगठे आत जात होते. बायका किंचाळल्या. थोरलीने दिराच्या केसांना धरून त्याचं डोकं मागं ओढलं, तरी सुटेना, तेव्हा तिने त्याच्या कानावर मूठ हाणली. तो कोलमडला.

म्हातारा खोकत कुशीवर वळला. “हात राहिना रे,” एवढंच म्हणाला. “माझा हात राहिना.”

थोरली त्या कातड्यापाशी गेली. वाकून तिने त्याची घडी घातली, केस आत, ओलं बाहेर, नीट, सासऱ्यानंच शिकवली होती तशी. मग धाकट्याला म्हणाली, “पाठीवर द्या.”

“कुठं नेतेस?”

“मजुरी परत करायला.”

ओलं कातडं माणसाएवढं जड असतं. पहिल्या पावलाला तिचे गुडघे वाकले. कपाळावरून, मानेवरून, शर्टाच्या आत रक्तमिश्रित पाणी वाहायला लागलं, आणि चुलीवर आदळून फुटलेल्या जखमेत मीठ शिरलं. धाकटा मागून हात द्यायला आला, तिने नको म्हटलं. गल्लीतून ती मधोमध चालली. लोक ओट्यांवरून घरात गेले. एका म्हातारीने पोराला पाठीशी घेतलं. नळावरच्या बायकांनी हंडे उचलले. दुकानदार म्हणाला, “अगं, कडेनं तरी चाल!” ती कडेनं चालली नाही.

गोठ्याच्या गेटावर संघाची गाडी लागली होती. दुधाचे कॅन ओळीने मांडलेले, झाकणं लावलेली. चालक पावती फाडत होता. गोठेवाला त्याच्याशी हसत बोलत होता. थोरलीने पाठ झटकली. कातडं कॅनवर पडलं आणि घडी उलगडून तीन-चार कॅनवर पसरलं, केसांची बाजू वर. सगळ्या गाठी उन्हात आल्या. आणि कान. एका कानात पिवळा बिल्ला होता, तसा गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या कानात होता.

चालकाने आधी बिल्ला पाहिला, मग गोठेवाल्याकडं.

“मजुरी परत,” थोरली म्हणाली. “आमचं तुमच्याकडं काही घेतलेलं नाही.”

गोठेवाला आला आणि त्याने तिच्या तोंडावर बुक्की मारली. ती पडली. दुसरी बसली ती जबड्यावर. धाकटा मधे घुसला, त्याला मुकादमाने एका हाताने ढकललं, दुसरा हात अजून मानेवर होता.

“दादा, दादा!” चालक म्हणाला. “ते नंतर करा. हे आधी उचला. मला पुढची गावं आहेत. उचललंत तर मी काही पाहिलं नाही, असं समजा. नाहीतर मला संघात फोन करावा लागेल.”

“उचल रे!” गोठेवाला मुकादमावर ओरडला.

मुकादमाने हात मागं नेले. “मी? मी कसा हात लावू, दादा?”

“तू उचल!” दुसऱ्या गड्याला. तो दोन पावलं मागं सरला. तिसरा आधीच कडब्याआड गेला होता. गोठ्यात इतकी माणसं, इतके हात, मूत उपसणारे, शेण काढणारे, लोकांची हाडं मोडणारे. आणि एका कातड्याला शिवायला त्यांतला एक हात तयार नव्हता. गोठेवाल्याने स्वतः कोपऱ्याला रुमालातून धरून पाहिलं. बोटांना ओल लागताच त्याने ते टाकलं आणि हात पायजम्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

चालकाने हॉर्न दिला. ऊन कॅनच्या पत्र्यावर चढत होतं.

थोरली उठून बसली होती. गेटाच्या खांबाला टेकली होती. तोंडात काहीतरी सुटं झालं होतं. तिने ते तळहातावर थुंकलं. दात होता. तिने तो शर्टाच्या खिशात टाकला.

“काय मागतेस?” गोठेवाला म्हणाला. तिच्याकडं न बघता, भिंतीकडं बघून.

“जनावराचं वेगळं,” ती म्हणाली. जबडा हलत नव्हता, शब्द रक्तातून येत होते, पण एकेक नीट येत होता. “चौघांचा पुरा रोज, एकेका जनावराला, आणि गाडा आत. या कातड्याचं वेगळं. नवऱ्याच्या हाताचं वेगळं, ते हाड जुळेपर्यंत रोजचं.”

“आणि?”

“आणि आधी.”

चालकाने पुन्हा हॉर्न दिला. गोठेवाला अजून भिंतीकडंच बघत होता. मग तो वळून आत गेला, पैशाच्या कपाटाची चावी शोधत. थोरली बसल्या जागेवरून दिराला म्हणाली, “भाऊजी, गाडा घेऊन या. पण पैसे हातात पडेपर्यंत गेटाबाहेरच उभा ठेवा.”